बायबलमधली गावं आणि त्यांची नावं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल वाचायला घेतलं की बरीच माणसं गावांच्या नावांपाशी अडखळतात. यहोशवाच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात तर ओळीने गावांची यादीच आहे. बहुतेक जण ती ओलांडून पुढे जातात, मला मात्र त्या यादीनेच धरून ठेवलं. अभ्यासवर्गात, प्रवासात, कुणाच्या घरी जेवायला बसल्यावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते इथे एकत्र केले आहेत. नावांची रूपं शक्यतो मराठी बायबलमधली ठेवली आहेत.

मराठी बायबलमध्ये 'यरुशलेम' आणि 'यार्देन', वर्तमानपत्रात 'जेरुसलेम' आणि 'जॉर्डन'. बरोबर काय?

दोन्ही बरोबर, फक्त वाटा वेगळ्या. हिब्रूत या नावांच्या सुरुवातीला 'य' आहे. ग्रीक आणि लॅटिनमध्येही उच्चार 'य'च राहिला. पुढे लॅटिन लिपीत त्या अक्षराला खाली शेपूट जोडून लिहायची पद्धत पडली आणि इंग्रजीने त्या शेपटीच्या अक्षराचा उच्चार 'ज' केला. याकोबाचा जेकब झाला, योसेफाचा जोसेफ, योहानाचा जॉन. गावंही त्याच वाटेने गेली.

मराठी भाषांतर करणाऱ्यांनी मुळाकडे बघून नावं घेतली. पंडिता रमाबाईंनी केडगावला राहून हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणलं आणि 1922 मध्ये, मृत्यूच्या थोडंच आधी, ते काम पुरं केलं. हिब्रूतल्या 'यार्देन'ला इंग्रजीतून वळसा घालायची आपल्याला गरजच नव्हती. 'गालील', 'यार्देन', 'कफर्णहूम' ही मराठी रूपं मूळ उच्चाराच्या इतकी जवळ आहेत की त्यांचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

यरुशलेम म्हणजे 'शांतीचं शहर', बरोबर ना?

प्रवचनांत हाच अर्थ सांगतात, आणि हिब्रू कानाला त्या नावात 'शालोम' ऐकू येतं हे खरंच आहे. पण नाव हिब्रू भाषेपेक्षा जुनं आहे. इजिप्तमध्ये शत्रूंची नावं मातीच्या भांड्यांवर आणि मूर्तींवर लिहून ती शाप देऊन फोडायची चाल होती. इ.स.पू. 19 व्या–18 व्या शतकातल्या अशा लेखांत 'रुशलिमुम' असं नाव येतं, ते याच शहराचं मानतात. त्यानंतर इ.स.पू. 14 व्या शतकात 'उरुसालिम'चा राजा अब्दी-हेबा इजिप्तच्या फारोला पत्रं लिहितो. मातीच्या पाट्यांवरची ती पत्रं 1887 मध्ये इजिप्तमधल्या अमार्ना इथे सापडली. दाविदाचा काळ अजून कितीतरी दूर होता.

अभ्यासकांचा कल असा, की नावाचा पहिला भाग 'पाया घालणं' या अर्थाचा आणि दुसरा शालिम या देवाच्या नावाचा. शालिम हा सायंकाळचा, मावळतीचा देव; सीरियातल्या उगारित या प्राचीन शहराच्या लेखांत तो पहाटेच्या देवाबरोबर जोडीने येतो. म्हणजे 'शालिमने वसवलेलं'. 'शांती'चा अर्थ नंतर लोकांनी त्या नावात ऐकला. तो खोटा ठरवायची मला गरज वाटत नाही. शतकानुशतकं ज्या अर्थाने माणसं नाव घेतात, तो अर्थही त्या नावाचाच होतो.

त्या शहराचं नाव मधल्या काळात बदललं होतं म्हणतात, ते काय प्रकरण आहे?

रोमन सम्राट हेड्रियनने इ.स. 130 च्या दशकात उद्ध्वस्त यरुशलेमच्या जागी रोमन वसाहत उभी केली आणि तिला 'एलिया कॅपिटोलिना' नाव दिलं. एलियस हे त्याच्या घराण्याचं नाव, कॅपिटोलिना हे रोमच्या ज्युपिटर देवावरून. यहुद्यांना शहरात राहायला बंदी झाली. हे नाव किती खोल रुजलं याचा एक प्रसंग कैसरियाचा बिशप युसेबियस याने लिहून ठेवला आहे. इ.स. 310 च्या सुमारास ख्रिस्ती म्हणून पकडलेल्या एका तरुणाला राज्यपाल फर्मिलियनने विचारलं, गाव कोणतं? त्याने उत्तर दिलं, 'यरुशलेम'. त्याच्या मनात स्वर्गीय यरुशलेम होतं. पण त्याच प्रांतावर राज्य करणाऱ्या फर्मिलियनला हे नावच ओळखीचं वाटलं नाही. ख्रिस्ती लोकांनी कुठेतरी नवं शहर वसवलंय अशी शंका येऊन, ते कुठे आहे हे वदवून घेण्यासाठी त्याने त्या मुलाचा छळ केला.

मला हा प्रसंग वाचवत नाही, आणि विसरताही येत नाही. जवळपास पावणेदोनशे वर्षांत सरकारदरबारी 'यरुशलेम' हा शब्द पुसला गेला होता. तो जिवंत होता तो प्रार्थनेत आणि पोथीत. अरब आले तेव्हा तेही आधी 'इलिया' म्हणत. पुढे 'बैत अल-मक्दिस', म्हणजे पवित्र घर, आणि त्यावरून 'अल-कुद्स' रूढ झालं. आज अरबीत हेच नाव चालतं.

'बेथ', 'बैर', 'किर्याथ', 'कफर' हे तुकडे सारखे येतात. त्यांचे अर्थ?

आपल्याकडे वाडी, पूर, खुर्द, बुद्रुक येतात तसेच हे. बेथ म्हणजे घर, बैर म्हणजे विहीर, किर्याथ म्हणजे नगर, कफर म्हणजे खेडं, एन म्हणजे झरा, गिबा म्हणजे टेकडी, मिग्दोल म्हणजे बुरूज. बेथेल हे देवाचं घर, बेथसैदा मासेमारीचं घर, कफर्णहूम हे नहूमचं खेडं.

बेथलेहेम हे 'भाकरीचं घर'. गंमत म्हणजे अरबीत तेच नाव 'बैत लहम', आणि 'लहम' म्हणजे मांस. भाषा दोन्ही सख्ख्या बहिणी. मुळात तो शब्द 'मुख्य अन्न' अशा अर्थाचा असावा. शेतकऱ्याकडे तो भाकरीवर स्थिरावला आणि मेंढपाळाकडे मटणावर.

गेथशेमाने म्हणजे तेलाचा घाणा. जैतुनाच्या डोंगराच्या पायथ्याशी ऑलिव्हचा घाणा होता, म्हणून बागेला ते नाव. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाला गावकरी 'शनवार तेली' म्हणत, कारण ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. त्या घरांतल्या कुणी 'गत', म्हणजे घाणा, हा हिब्रू शब्द ऐकला, तर वस्तू डोळ्यांसमोर आणायला भाषांतर लागलं नसतं.

बायबल स्वतःच काही नावांचे अर्थ सांगतं. ते भाषाशास्त्राला धरून आहेत का?

काही आहेत, काही नाहीत, आणि ते तसं मोजायचंही नसतं. 'बाबेल'चंच घ्या. उत्पत्तीच्या अकराव्या अध्यायात सांगितलंय की देवाने तिथे भाषांचा घोटाळा केला ('बालाल') म्हणून बाबेल. बाबिलोनचे लोक मात्र आपल्या शहराचं नाव 'बाब-इली', देवाचं दार, असं समजायचे. हिब्रू लेखकाने ध्वनीशी खेळून साम्राज्याच्या दिमाखाला टोला दिला आहे. ती वाङ्मयीन करामत आहे आणि फार धारदार आहे.

बैर-शेबाच्या दोन कथा आहेत. हिब्रूत 'सात' आणि 'शपथ' हे शब्द एकाच धातूशी जुळतात. अब्राहामाच्या कथेत (उत्पत्ती 21) सात कोकरं येतात आणि शपथही येते. इसहाकाच्या कथेत (उत्पत्ती 26) पुन्हा शपथ आणि पुन्हा विहीर. गावाच्या नावामागे दोन पिढ्यांच्या दोन आठवणी शेजारी शेजारी ठेवल्यात आणि संपादकाने त्यातली एक गाळली नाही, याबद्दल मला त्याच्याविषयी आदर वाटतो. अरबीत आजही 'बीर अस-सबअ', म्हणजे सातांची विहीर.

तीन हजार वर्षांनी एखादं गाव नेमकं कुठे होतं हे कसं ओळखतात?

सगळ्यात मोठा पुरावा गावकऱ्यांच्या तोंडी असतो. 1838 मध्ये एडवर्ड रॉबिन्सन हा अमेरिकन बायबल अभ्यासक पॅलेस्टाइनमध्ये हिंडला. बरोबर एली स्मिथ, बैरुतमध्ये राहिलेला, अस्खलित अरबी बोलणारा मिशनरी. मठांतले साधू यात्रेकरूंना जागा दाखवायचे, त्यांच्यावर विसंबायचं नाही असं या दोघांनी ठरवलं. ते शेतकऱ्यांना विचारत. तेही 'हे बेथेल का?' असं नाही, कारण पाहुण्याला बरं वाटावं म्हणून माणूस 'हो' म्हणतो. ते विचारत, 'या गावाला काय म्हणता? त्या पलीकडच्या टेकडीला काय म्हणता?'

आणि उत्तरं आली. अनाथोथ हे यिर्मयाचं गाव 'अनाता' झालं होतं. मिखमाश 'मुखमास', शिलो 'सैलून', बेथेल 'बैतीन', गिबोन 'अल-जिब'. राज्यं बदलली, धर्म बदलले, बोलायची भाषा हिब्रूची अरामी आणि अरामीची अरबी झाली, तरी विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायांनी आणि मेंढरं राखणाऱ्या पोरांनी नाव सोडलं नव्हतं.

गिबोनचा तर पुढे पक्का पुरावा मिळाला. 1956 पासून जेम्स प्रिचर्ड यांनी अल-जिबमध्ये खोदकाम केलं. तिथे खडकात कोरलेलं मोठं गोल टाकं निघालं, कडेकडेने उतरत जाणाऱ्या 79 पायऱ्या असलेलं. त्यात भरलेला दगडमातीचा राडारोडा उपसताना सुरयांचे फुटके कान सापडायला लागले. सुरई फुटली की कान शेवटपर्यंत टिकतो, जाड असतो ना. त्या कानांवर मातीत ओरखडून अक्षरं काढली होती: ग-ब-अ-न. गिबोन. द्राक्षारस कुठला ते कळावं म्हणून कुणीतरी घातलेली खूण. शेतकऱ्यांचं 'अल-जिब' आणि बायबलचं 'गिबोन' एकच, हे त्या फुटक्या कानाने सांगितलं.

कधी नाव राहत नाही, पण अर्थ राहतो. उत्तरेचं दान हे गाव. हिब्रूत 'दान' म्हणजे न्याय करणारा. तिथल्या टेकाडाला अरबीत 'तेल अल-कादी' म्हणत. कादी म्हणजे न्यायाधीश, आपला काझीच. कुणीतरी, कधीतरी, जुन्या नावाचा अर्थ समजून घेऊन ते नव्या भाषेत ठेवलं. 1976 मध्ये तिथे ग्रीक आणि अरामी अशा दोन भाषांतला नवसाचा लेख सापडला, त्यात 'दानमधल्या देवाला' असे शब्द आहेत. 1993 मध्ये याच टेकाडावर 'दाविदाचं घराणं' असा उल्लेख असलेला प्रसिद्ध शिलालेख निघाला.

ग्रीक-रोमन राजांनी अनेक गावांची नावं बदलली. ती का टिकली नाहीत?

काही टिकली, आणि कोणती टिकली हे बघण्यासारखं आहे. बेथ-शानला ग्रीकांनी 'स्किथोपोलिस' केलं. कित्येक शतकं ते सरकारी नाव होतं, प्रांताची राजधानी होती. अरब आले आणि गाव 'बैसान' झालं, म्हणजे पुन्हा बेथ-शानच. अक्को 'प्तलमैस' झालं (प्रेषितांची कृत्ये 21:7 मध्ये पौल तिथे उतरतो) आणि पुन्हा अक्का झालं. लोदला रोमनांनी 'दिऑस्पोलिस' म्हटलं, आज ते लोदच आहे. अम्मोन्यांच्या राब्बाला इजिप्तच्या टॉलेमीने 'फिलाडेल्फिया' नाव दिलं, आज तिथे अम्मान आहे.

उलट बाजूला तिबिर्या. हेरोद अंतिपाने इ.स. 20 च्या आसपास गालीलच्या सरोवराच्या काठी नवं शहर बांधलं, सम्राट टायबेरियसच्या नावाने. ते नाव आजतागायत चालू आहे. शखेम उजाड झालं होतं. त्याच्यापासून थोड्या अंतरावर इ.स. 72 मध्ये व्हेस्पेसियनने 'निआपोलिस', म्हणजे नवं नगर, वसवलं. अरबीत 'प' नाही, म्हणून ते झालं 'नाब्लुस'. शोमरोनला हेरोदाने ऑगस्टसच्या सन्मानार्थ 'सेबास्ते' केलं आणि हजारो नवे लोक आणून वसवले. तिथल्या खेड्याचं नाव आजही सबास्तिया.

मला यातून एक गोष्ट दिसते. नवी जागा आणि नवी माणसं असली की नवं नाव रुजतं. जुनीच माणसं त्याच उंबऱ्यात राहत असतील, तर ती सरकारी कागदावर नवं नाव लिहितात आणि घरी जुनंच बोलतात. सरकार गेलं की कागद जातो.

गालीलच्या समुद्राला नावं तरी किती?

गणनेच्या पुस्तकात किन्नेरेथ, लूकमध्ये गनेसरेत, योहानमध्ये तिबिर्याचा समुद्र, मत्तय आणि मार्कमध्ये गालीलचा समुद्र. चारही एकाच गोड्या पाण्याच्या सरोवराची. आज हिब्रूत किन्नेरेत म्हणतात. 'गालील' म्हणजे वर्तुळ, त्यावरून परिसर, प्रांत.

नासरेथ जुन्या करारात कुठेच नाही. मग ते गाव खरंच होतं का?

होतं. जुन्या करारात नाही, पहिल्या शतकातला इतिहासकार जोसिफस गालीलची इतकी गावं सांगतो त्यातही नाही. म्हणून काहींनी शंका घेतली. पण लहान खेडं कागदावर न येणं यात नवल काय? 1962 मध्ये कैसरियाच्या उत्खननात संगमरवराचे तुकडे मिळाले. याजकांच्या 24 पाळ्या, म्हणजे आळीपाळीने सेवा करणारे गट, यरुशलेमच्या मंदिराच्या नाशानंतर गालीलमधल्या कोणत्या गावांत जाऊन राहिल्या, याची ती यादी होती. एका तुकड्यावर नासरेथ हे नाव आहे. खुद्द नासरेथमध्येही पहिल्या शतकातल्या वस्तीच्या खुणा मिळाल्या आहेत.

या तुकड्याने आणखी एक गोष्ट मिटवली. हिब्रूत हे नाव 'त्स' या अक्षराने लिहितात हे कळलं, म्हणजे 'नेत्सेर', अंकुर, या शब्दाशी त्याचं नातं जुळू शकतं. यशयाच्या अकराव्या अध्यायात इशायाच्या बुंध्याला फुटणारा अंकुर आहे, तोच शब्द. अरबीत ख्रिस्ती लोकांना 'नसारा' म्हणतात, केरळचे सेंट थॉमस ख्रिस्ती स्वतःला 'नसरानी' म्हणवतात. एका बारक्या खेड्याचं नाव असं मलबारच्या किनाऱ्यापर्यंत आलं.

'नासरेथकर येशू', 'अरिमथाईकर योसेफ' ही आडनावं आहेत का?

आडनाव नव्हे, ओळख. एकाच नावाची माणसं फार, म्हणून गाव सांगायचं. पण मराठी भाषांतरकारांनी इथे 'कर' लावला, तो मला सबंध मराठी बायबलमधला सगळ्यात आपला वाटणारा प्रत्यय आहे. 'हे येशू नासरेथकरा' ही हाक मार्कच्या पहिल्या अध्यायात आहे. कोणत्याही मराठी माणसाला त्यातलं गाव लगेच ऐकू येतं.

मग्दालीया मरीया हीसुद्धा मग्दालाची. सरोवराकाठच्या या गावाचं नाव 'मिग्दोल', बुरूज, याच घराण्यातलं. 2009 मध्ये तिथे पहिल्या शतकातलं सभास्थान सापडलं. यहूदा इस्कार्योत हाही, एका मताप्रमाणे, 'ईश करियोथ', करियोथचा माणूस. मत सर्वमान्य नाही, पण पटण्यासारखं आहे, कारण करियोथ हे नाव यहोशवाच्या त्याच पंधराव्या अध्यायातल्या यादीत आहे.

आणि कोकणातल्या बेने इस्राएल कुटुंबांनी तर हीच रीत चालवली. पेणचे ते पेणकर, रोह्याचे रोहेकर, नवगावचे नवगावकर. पाळण्यातलं नाव मोशे किंवा शलोमोवरून, आडनाव रायगड जिल्ह्यातल्या गावावरून.

पलिष्टी आणि पॅलेस्टाइन हे शब्द एकच का?

मूळ एक. इ.स.पू. 1175 च्या सुमारास समुद्राकडून आलेल्या लोकांशी इजिप्तचा फारो तिसरा रामसेस लढला. मदिनत हाबूच्या देवळाच्या भिंतीवर त्यांच्यातल्या एका गटाचं नाव 'पेलेसेत' असं कोरलंय. हेच बायबलमधले पलिष्टी. गाझा, अष्कलोन, अश्दोद, एक्रोन, गथ ही त्यांची पाच नगरं. त्यांची वेगळी ओळख बाबिलोनी स्वाऱ्यांनंतर हळूहळू मिटली, पण इ.स.पू. पाचव्या शतकातला ग्रीक लेखक हिरोडोटस त्या किनारपट्टीला 'पालाइस्तिने' म्हणतो. यहुदी पुढारी बार कोखबाच्या इ.स. 132–135 च्या उठावानंतर रोमनांनी यहूदिया प्रांताचं नावच 'सिरिया पालेस्तिना' केलं. अरबीत ते 'फिलस्तीन'.

'इस्राएल' हे नावही बायबलबाहेर लवकर दिसतं, इ.स.पू. 1208 च्या सुमारास, मेर्नेप्ताह फारोच्या शिलालेखात. तिथे ते देशाच्या नव्हे, लोकसमूहाच्या चिन्हासह लिहिलं आहे. दोन्ही नावं फार जुनी आहेत, आणि जुनेपणाच्या जोरावर आजचा वाद कुणाच्या बाजूने निकालात काढता येत नाही.

मोशेने ओलांडला तो 'तांबडा समुद्र'च ना?

हिब्रूत 'याम सूफ' आहे. 'सूफ' म्हणजे लव्हाळे, बोरू. बाळ मोशेची पेटी ज्या लव्हाळ्यांत ठेवली तिथेही हाच शब्द येतो. ग्रीक भाषांतरकारांनी त्याचं 'एरिथ्रा थालासा', तांबडा समुद्र, केलं आणि सगळीकडे तेच चाललं. हिब्रू बायबलमध्येच हे नाव एकापेक्षा जास्त पाण्यांना दिलेलं दिसतं. राजे 1, 9:26 मध्ये ते स्पष्टपणे एलाथजवळच्या, म्हणजे अकाबाच्या आखाताला आहे.

ग्रीकांचा 'तांबडा समुद्र' मात्र केवढा तरी मोठा होता, आपला अरबी समुद्रसुद्धा त्यात येई. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविकाच्या वहीत याच समुद्राच्या बंदरांमध्ये कल्याण, सोपारा आणि चौल यांची नावं आहेत.

शलमोनाचं सोनं आलं ते ओफीर म्हणजे आपलं नालासोपारा, हे खरं का?

हा प्रश्न वसईकडची मंडळी फार आशेने विचारतात. आधार असा: ग्रीक भाषांतरात ओफीरचं 'सोफीर' झालंय आणि सोपारा, प्राचीन शूर्पारक, हे मोठं बंदर होतं. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखला जाणारा स्तूप खणला, अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तिथे मिळाला.

पण माझं मत 'नाही' असं आहे. शलमोनाचा काळ इ.स.पू. दहावं शतक आणि अशोक तिसऱ्या शतकातला, मध्ये सातशे वर्षं. शिवाय उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायात ओफीर हे नाव शबा आणि हवीला यांच्यामध्ये येतं, म्हणजे लेखकाच्या डोळ्यांपुढे अरबस्तानची दिशा आहे. ओफीर ही कल्पना नव्हती एवढं मात्र नक्की. तेल अवीवमधल्या तेल कासिले इथे इ.स.पू. आठव्या शतकातलं एक खापर मिळालं. त्यावर व्यापाऱ्याची नोंद आहे: 'ओफीरचं सोनं, बेथ-होरोनसाठी, 30 शेकेल'. आजच्या मापाने साधारण 340 ग्रॅम. कुणीतरी ते तोललं, आणि खापराच्या तुकड्यावर टिपून ठेवलं.

बायबलमध्ये भारताचं नाव आहे का?

आहे, एस्तेरच्या पुस्तकाच्या पहिल्याच वचनात. राजा अहश्वेरोश 'होद्दू'पासून कूशापर्यंत 127 प्रांतांवर राज्य करत होता. सिंधूचं प्राचीन इराणी लोकांनी 'हिंदू' केलं, हिब्रूत त्यातला 'न' पुढच्या 'द'मध्ये मिसळला आणि झालं 'होद्दू'. आजच्या हिब्रूतही भारताला 'होदू'च म्हणतात.

दुसरा शब्द उलट दिशेने बघा. उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायात याफेथाच्या वंशात 'यावान' आहे, म्हणजे आयोनियाचे ग्रीक. तोच शब्द संस्कृतात 'यवन'. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर दान देणाऱ्या यवनांची नावं कोरली आहेत. पुढे बखरींत तो शब्द भलत्याच लोकांना लागला, पण जन्म त्याच आयोनियात.

'जहन्नम' हा शब्द यरुशलेमचा आहे असं ऐकलं…

हो, आणि तो नकाशावर दाखवता येतो. जुन्या शहराच्या नैऋत्येला आणि दक्षिणेला एक दरी आहे, 'गे-हिन्नोम', हिन्नोमाची दरी. यिर्मया सांगतो की तिथे तोफेथ या जागी लोकांनी आपली मुलंबाळं अग्नीत होमली. त्या आठवणीने दरीचं नाव शिक्षेच्या जागेचं नाव झालं. ग्रीकमध्ये 'गेहेन्ना', अरबीत 'जहन्नम', तिथून फारसी-उर्दूमार्गे आपल्या बोलण्यात.

तिथे शहराचा कचरा सतत जळत असे म्हणून नरकाची कल्पना आली, असं फार ठिकाणी वाचायला मिळतं. ही गोष्ट इ.स. 1200 च्या आसपासच्या एका यहुदी भाष्यकाराकडून येते. खोदकामात त्याला आधार मिळालेला नाही. सांगणाऱ्यांनी आता ती सोडून द्यावी.

याच दरीच्या काठावर, केतेफ हिन्नोम इथे, 1979 मध्ये गॅब्रिएल बारकाय यांना एका थडग्यात चांदीच्या दोन बारीक गुंडाळ्या सापडल्या. सिगारेटच्या थोटकाएवढ्या. गळ्यात बांधायचे ताईत. उलगडताना चांदी तुटू नये म्हणून तीनेक वर्षं गेली. मोठी गुंडाळी उलगडल्यावर भरली जेमतेम 97 मिलिमीटर लांब, 27 मिलिमीटर रुंद. आत सुईच्या टोकासारख्या कशाने तरी कोरलेली अक्षरं: 'परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझे संरक्षण करो', गणनेच्या सहाव्या अध्यायातला आशीर्वाद. काळ इ.स.पू. सातव्या शतकाची अखेर किंवा सहाव्याची सुरुवात. बायबलच्या वचनांचा आज हाती असलेला हा सर्वांत जुना लेख.

हर्मगिदोन कुठे आहे?

प्रकटीकरणाच्या पुस्तकातली शेवटच्या लढाईची ही जागा. 'हर' म्हणजे डोंगर, मगिदोन म्हणजे मगिद्दो. इज्रेलच्या मैदानाच्या कडेला मगिद्दोचं टेकाड आहे, डोंगर नाही. इजिप्तहून उत्तरेकडे जाणारा रस्ता तिथल्या खिंडीतून बाहेर पडतो, म्हणून लढाया तिथेच व्हायच्या. इजिप्तचा फारो तिसरा थुतमोस याची लढाई इ.स.पू. 15 व्या शतकातली. 1918 च्या सप्टेंबरात जनरल ॲलन्बीच्या फौजेत भारतीय घोडदळ याच वाटेने गेलं, आणि 23 तारखेला जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी हैफा घेतलं.

'शेशख' नावाचं राज्य शोधूनही सापडत नाही.

नकाशात शोधू नका, ती सांकेतिक लिपी आहे. हिब्रूची 22 अक्षरं घ्या, पहिल्याच्या जागी शेवटचं, दुसऱ्याच्या जागी शेवटून दुसरं, असं बदलत जा. ब-ब-ल याचं श-श-ख होतं. यिर्मया 25:26 आणि 51:41 मधला शेशख म्हणजे बाबेल. लपवण्यासाठीच केलं असेल असं मात्र नाही, कारण 51:41 मध्ये पुढच्याच अर्ध्या ओळीत बाबेल उघड लिहिलंय.

काही गावं अजून सापडलेली नाहीत का?

पुष्कळ. अम्माऊसचं उदाहरण सगळ्यांना माहीत असलेलं. लूकच्या बहुतेक हस्तलिखितांत ते यरुशलेमपासून 60 स्तादिया, म्हणजे 11 किलोमीटर. काही हस्तलिखितांत 160, म्हणजे 30 किलोमीटरच्या आसपास. एका आकड्याने फरक पडतो आणि निदान चार गावं हक्क सांगतात.

बेने इस्राएल लोक इस्राएलला गेले ते कोणत्या गावांत? त्या गावांची नावंही जुनी आहेत का?

1948 नंतर गेलेल्यांपैकी बरेच जण लोद, रामला, अश्दोद, बैर-शेबा आणि दिमोना इथे स्थिरावले. लोदमध्ये पेत्र आला होता (प्रेषितांची कृत्ये 9:32). अश्दोद हे पलिष्ट्यांचं नगर, यशयाच्या विसाव्या अध्यायात अश्शूरचा राजा सर्गोन ते घेतो. रामला त्या मानाने नवं, आठव्या शतकात अरबांनी वसवलेलं. अरबीत 'रम्ल' म्हणजे वाळू.

दिमोना 1955 मध्ये नगेवच्या वाळवंटात उभं राहिलं. नाव घेतलंय ते यहोशवाच्या पंधराव्या अध्यायातल्या त्याच यादीतून, बाविसाव्या वचनातून: 'कीना, दीमोना, अदादा'. सगळे ओलांडून जातात ती ओळ. आज त्या गावात मराठी बोलणारी म्हातारी माणसं भेटतात, आणि पेणकर आडनावाची पाटी दीमोनाच्या दारावर असते.